बिल छापेपर्यंत

शीतगृहाच्या मालकाला नवीन वस्तूची हौस भारी, आणि जुनी वस्तू कशासाठी होती हे विचारायचा कंटाळा त्याहून भारी. त्यानं पहिला कॉम्प्युटर आणला तो ऑफिसात खिडकीपाशी ठेवला, ट्रकवाल्यांना येता-जाता दिसावा म्हणून. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि शेजारी कान किटवणारा प्रिंटर. थोड्याच दिवसांत मालकाला वाटायला लागलं, एवढं यंत्र आणलंय तर ते नुसती बिलंच का छापतंय? तापमान त्यानंच बघावं, आवक-जावक त्यानंच ठेवावी, आणि गोठणखोल्यांतली धोक्याची बटणंही त्यालाच जोडावीत.

बटणं कशाला ते सांगायला हवं. गोठणखोलीचं दार जाड असतं आणि आपोआप मिटतं. आतून उघडायला दांडा असतो, पण त्यावर बर्फ धरतं, आणि एकदा बर्फ धरलं की दांडा ढिम्म हलत नाही. म्हणून दाराशेजारी आतल्या बाजूला बटण. अडकलात तर दाबा, बाहेर घंटा वाजेल, कुणीतरी येऊन दार उघडेल. इतकी वर्षं बटणापासून घंटेपर्यंत एक साधी तार होती. तिच्यात बिघडण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे तिचं कौतुकही कुणाला नव्हतं.

ती तार काढून बटणं यंत्राला जोडायचं काम तारवाल्याकडे आलं. तारवाला म्हणजे मूळचा वायरमन. जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचून, कॉम्प्युटरात बसवायची सर्किटची कार्डं स्वतःच्या हातानं जोडून तो या नव्या विद्येत शिरला होता, आणि शिरला तो चांगलाच मुरला. शीतगृहाशी त्याचं आणखी एक नातं होतं. त्याचा धाकटा भाऊ तिथं गोठणखोलीत माल रचायचा. ही नोकरी तारवाल्यानंच लावून दिली होती, आणि 'भावाला चिकटवलंय हो मी तिथं' हे तो चारचौघांत अभिमानानं सांगायचा.

धाकटा बायको आणि लहान मुलीला घेऊन वेगळा राहायचा, पण सुट्टीच्या दिवशी आईकडे, म्हणजे तारवाल्याच्याच घरी जेवायला यायचा. अशाच एका दुपारी त्यानं विचारलं, "दादा, तुझं ते यंत्र बिल छापत असताना मी बटण दाबलं, तर त्याला कळणार कसं? ते सारखं बघत बसणार का माझ्याकडे?"

"नाही रे. सारखं बघत बसलं तर बाकीची कामं कोण करणार? त्याला इंटरप्ट म्हणतात. यंत्र आपल्या कामात असतं. तू बटण दाबलंस की त्याच्या पाठीवर थाप पडते. मग ते हातातलं काम खाली ठेवतं, कुठं सोडलं ते लक्षात ठेवतं, तुझी घंटा वाजवतं, आणि परत येऊन तिथूनच पुढं चालू करतं."

"म्हणजे आईसारखं."

आई त्या वेळी नातीच्या झग्याला टाका घालत होती. कुणीही हाक मारली की सुई झग्यात खोचून उठायची, काय हवं-नको बघायची, आणि येऊन बरोबर त्याच टाक्यापासून सुरू करायची. "माझी थट्टा करायला दोघं एक होता," ती म्हणाली, पण तिला ते आवडलेलं दिसलं.

तारवाल्याला विषय मिळाला की तो सुटायचाच. यंत्रात अशा हाकेच्या तारा मोजक्याच असतात, घड्याळाची एक, कीबोर्डची एक, डिस्कची एक. उरलेल्यांतली एक रिकामी होती, ती त्यानं बटणांना दिली. शिवाय कार्डावर त्यानं स्वतःच्या अकलेनं एक सोय ठेवली होती. बटण एकदा दाबलं की यंत्र येईपर्यंत कार्ड ती हाक धरून ठेवायचं. "हाक हरवायची नाही," तो म्हणाला. धाकट्यानं मान डोलावली. दादानं केलंय म्हटल्यावर त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. घंटा वाजायची आणि कोणत्या खोलीतून हाक आली ते प्रिंटरवर उमटायचं. घोळ झाला तो तिथंच. बटण खरोखरच्या संकटात क्वचित दाबलं जायचं. एरवी खोकी लावताना कुणाचा खांदा लागायचा, कुणाची ढकलगाडी आपटायची. तेवढ्यानं यंत्र बिल सोडून घंटा वाजवायचं आणि अर्ध्या बिलावर 'खोली तीन' असं ठसठशीत छापून मोकळं व्हायचं. बिलं करणाऱ्या बाईंच्या नाकी नऊ आले. ट्रकवाले ओरडायचे बाईंवर, बाई मालकावर, आणि मालकाला ओरडायला तारवाला होताच.

"बिल छापून होईपर्यंत दम धरायला काय होतं तुझ्या घंटेला?" मालक म्हणाला.

यावर योग्य उपाय तारवाल्याला ठाऊक होता. हाकेची नोंद प्रिंटरवर न टाकता बाजूला ठेवायची आणि बिल संपल्यावर छापायची. घंटा तेवढी लगेच वाजवायची. पण त्यासाठी निम्मा प्रोग्रॅम उसवावा लागणार होता, आणि मालकाला उद्या हवं होतं. सोपा उपायही होता. बिल सुरू करताना बटणांची तार बंद करायची, बिल संपलं की उघडायची. सुरुवातीला एक ओळ, शेवटी एक ओळ. तेवढ्यात कुणी दाबलंच तर कार्ड हाक धरून ठेवेल आणि तार उघडल्याबरोबर घंटा वाजेल.

त्यानं धाकट्याला विचारलं, नाही असं नाही. "बिल चालू असलं तर घंटेला जरा उशीर होईल. चालेल ना?"

"एका बिलाला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यात मी काही गोठून मरत नाही," धाकटा हसून म्हणाला.

त्याच खेपेला तारवाल्यानं खांदे-खोकी लागू नयेत म्हणून प्रत्येक बटणाभोवती लोखंडी कडं बसवलं. बटण आत खोल गेलं. बोट घालून दाबावं लागायचं. मालकानं पाठ थोपटली, बाईंची बिलं सरळ यायला लागली, आणि तारवाल्याचा हाच प्रोग्रॅम आणखी दोन शीतगृहांनी मागून घेतला.

आता त्या दिवसाचं. सकाळ सरता सरता बिल छापताना प्रिंटरमध्ये कागद अडकला. बाईंनी यंत्रावर 'रद्द' केलं, कागद ओढून काढला, आणि ट्रकवाल्याला म्हणाल्या, जेवून या, तोवर मीही जेवते. सगळं ठीक दिसत होतं. पडद्यावरचं घड्याळ पुढं सरकत होतं, तापमानाचे आकडे बदलत होते, कीबोर्ड चालत होता. फक्त एक तार बंद राहिली होती. बिल सुरू होताना ती बंद झाली होती. बिल संपलं असतं तर उघडली असती. पण 'रद्द' केल्यावर यंत्र ज्या वाटेनं बाहेर पडायचं, त्या वाटेवर तार उघडायची ओळ लिहायची तारवाला विसरला होता.

त्याच सुमारास धाकटा एकटाच तीन नंबरच्या खोलीत गेला. त्याचा जोडीदार मागच्या फाटकावर माल उतरवायला गेला होता. दार मिटलं, दांडा हलेना.

जेवणं झाली, ट्रकवाला परतला, बाईंनी ते बिल पुन्हा छापलं. ते नीट संपलं, आणि संपल्याबरोबर घंटा वाजली. माणसं धावत सुटली. दार उघडलं तेव्हा धाकटा बटणाखाली भिंतीला टेकून बसला होता. डोळे उघडे, हातमोजे काढून बाजूला टाकलेले. बोटं पांढरी, मेणासारखी.

तारवाल्याला निरोप मिळाला तसा तो थेट हॉस्पिटलात गेला. धाकट्याला गरम ब्लँकेटात गुंडाळलं होतं आणि तो दात वाजवत एकच बोलत होता, "मी दाबत होतो. केव्हाचा दाबत होतो." मालकही तिथं होता. चेहऱ्यावर काळजी होती आणि ती खोटी नव्हती. पण तो म्हणाला, "अरे, घंटा वाजली तशी आम्ही पळत आलो. मी स्वतः होतो ऑफिसात. आधी वाजली असती तर आलो नसतो का?"

डॉक्टरांनी तारवाल्याला बाजूला घेऊन समजावलं. "इतक्या थंडीत माणसाचं डोकं काम करेनासं होतं. नसलेलं दिसतं, न केलेलं केल्यासारखं वाटतं. काहींना तर उकडायला लागतं, अंगावरचे कपडे काढून टाकतात. यानं हातमोजे काढलेत ना? ते त्यातलंच. मोजे असते तर बोटं वाचली असती."

तारवाल्यानं मान हलवली. त्याच्या डोक्यात काही निराळंच घोळत होतं. तो संध्याकाळी शीतगृहात गेला आणि बाईंना सकाळपासूनचं सगळं विचारलं. कागद अडकल्याचं बाईंनी सहज सांगितलं, बाकीच्या बोलण्यात मिसळून. तो यंत्रासमोर बसला. प्रोग्रॅम उघडून 'रद्द'च्या वाटेपाशी आला, आणि तिथंच थांबला. एक ओळ. बाकी सगळं चोख होतं, एवढी एकच ओळ नव्हती.

मालक मागं येऊन उभा राहिला. "काय रे, यंत्रात काही दोष नाही ना?"

तेव्हा बोलला असता तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण माणसाच्या तोंडून पहिल्यांदा जे निघतं ते बहुतेकदा त्याला वाचवणारंच असतं. "नाही," तारवाला म्हणाला, "ठीक आहे सगळं." आणि मालकाची पाठ वळल्यावर त्यानं ती ओळ लिहिली.

मग तो तीन नंबरच्या खोलीत गेला. दार कुणालातरी धरून ठेवायला सांगितलं, हातमोजा चढवला आणि बटण दाबून बघितलं. मोज्यातलं जाड बोट कड्याच्या आत जाईना. तो परत परत बघत राहिला, अंगठ्यानं, करंगळीनं. मग त्यानं मोजा काढला. उघडं बोट सहज आत गेलं. म्हणजे भावाचं डोकं ठिकाणावर होतं. शुद्धीत होता, म्हणूनच त्यानं मोजे काढले. बोटं जातील हे माहीत असून काढले, आणि दादा म्हणाला होता हाक हरवायची नाही म्हणून दाबत राहिला. तारवाल्यानं तिथंच भिंतीवर डोकं टेकलं. दार धरणारा म्हणाला, "चला आता, बाहेर या," तेव्हा तो बाहेर आला.

उजव्या हाताची अंगठा सोडून सगळी बोटं गेली. डाव्याची निम्मी. तारवाल्यानं ठरवलं, ऑपरेशन झालं की सांगू. मग ठरवलं, टाके निघाले की सांगू. मग घरी आल्यावर. दरम्यान त्यानं तिन्ही शीतगृहांतली बटणांभोवतीची कडी काढली, प्रोग्रॅम मुळापासून बदलला, घंटा आता बिल असो वा नसो लगेच वाजू लागली. कुणी विचारलं तर 'सुधारणा केलीय' म्हणायचा. पुढं कुणाला धोका नाही, एवढ्यावर तो स्वतःची समजूत घालायचा. समजूत संध्याकाळपर्यंत टिकायची.

इकडे धाकटा सुरुवातीला भांडला. मी दाबत होतो, दहादा सांगतो, दाबत होतो. मालक शांतपणे म्हणायचा, घंटा वाजली तशी आलो. जोडीदार म्हणाला, घंटा वाजली तसा पळालो. आई म्हणाली, "राजा, डॉक्टर खोटं कशाला बोलतील? आणि तुझ्या दादाचं यंत्र आहे ते, त्यात चूक असती तर दादानं सांगितलं नसतं का?" सगळ्यांनी मिळून, आणि सगळ्यांनी मायेनं, त्याला खोटं पाडलं. हळूहळू तो भांडायचा थांबला.

मग तो स्वतःलाच तपासायला लागला. पाणी प्यालो का मी? दार लावलं का? बायकोला मधूनच विचारायचा, "मी आत्ता बोललो, की नुसतं मनात आलं?" ती म्हणायची, बोललात. तरी त्याची खात्री पटायची नाही. मुलीला त्याच्यावर सोपवून ती खालच्या दुकानात जायला निघाली की त्याला दरदरून घाम फुटायचा. "नको, तिला घेऊन जा. ती रडली आणि मला ऐकू आलंच नाही तर? किंवा ऐकू आलं आणि मी उठलो असं मला नुसतं वाटलं तर?" एकदा मुलगी झोपेतून रडत उठली, तेव्हा तो तिच्यासमोर उभा राहून रडत होता, हात लावायला धजत नव्हता. बायको आली तेव्हा दोघंही रडत होती.

त्यानंतर भावजयीनं तारवाल्याला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा धाकटा आतल्या खोलीत होता. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दबक्या आवाजात बोलली. "भावोजी, माझं एक ऐका. ते अजून त्याच एका गोष्टीत अडकलेत. दाबलं की नाही दाबलं. कधी म्हणतात दाबलं, कधी म्हणतात भास होता, आणि मध्येच लोंबकळतात. माझं कोण ऐकतंय? पण त्या यंत्रातलं तुम्हाला कळतं. तुम्ही एकदा ठामपणे सांगून टाका, की तू दाबलंच नव्हतंस, शेवटी एकदा दाबलंस आणि लगेच घंटा वाजली. तुमच्या तोंडून ऐकलं की त्यांचा जीव थाऱ्यावर येईल. वेडे का होईना, पण एका बाजूला तरी लागतील."

तारवाल्याला तिच्याकडे बघवेना. तिनं इतक्या आशेनं सांगितलं होतं, आणि जे सांगितलं होतं ते किती सोपं होतं! दोन वाक्यं. तो बरं म्हणाला आणि आत गेला. ती मुलीला कडेवर घेऊन मागोमाग आली.

धाकटा पलंगावर बसला होता, हात मांडीवर उताणे ठेवून. "बस, दादा," तो म्हणाला. "हिनं बोलावलंय ना तुला? मला कळतं. निदान एवढं तरी मला वाटतं की कळतं." मग थोडं हसला. "सांग, काय सांगायचं ते. तू सांगशील ते मी खरं मानेन. ठरवलंय मी तसं."

'तू दाबलं नव्हतंस' हे शब्द तारवाल्याच्या तोंडापर्यंत आले होते. पण धाकटा त्याच्याकडे बघत होता, लहानपणी गणित अडलं की बघायचा तसा, उत्तर आपल्याला येत नसलं तरी दादाला येतंय या भरवशानं.

"तू दाबलं होतंस," तो म्हणाला.

भावजय पुढं झाली. "भावोजी, अहो..."

"तू दाबलं होतंस. पहिल्यापासून दाबत होतास. मोजे काढलेस ते शुद्धीत काढलेस, कारण मी लावलेल्या कड्यात मोज्यातलं बोट जात नव्हतं. बटणाची तार बंद होती. बिलासाठी ती मी बंद करायचो, तुला सांगितलं होतं. सकाळी बिल रद्द झालं आणि ती उघडलीच नाही. उघडायची ओळ मी लिहिली नव्हती. तुझी हाक कार्डात अडकून होती. दुपारी बाईंनी दुसऱ्यांदा बिल छापलं, ते संपलं, तेव्हा तार उघडली आणि घंटा वाजली. म्हणून सगळ्यांना वाटलं तू तेव्हाच दाबलंस."

धाकट्याचा चेहरा असा उजळला की तारवाल्याला ते सहन होईना. "ऐकलंस?" तो बायकोला म्हणाला. "ऐकलंस ना तू? दाबलं होतं मी. मला कड्याचंही आठवतंय, मी आधी कोपरानं दाबून बघितलं होतं, मग मोजे काढले. बघ, आठवतंय ना मला! मी वेडा नाही." तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दे, पोरीला इकडे दे." बायकोनं मुलीला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं दोन्ही हात तिच्याभोवती टाकून मनगटांनी तिला घट्ट धरलं. किती महिन्यांनी धरलं.

त्यानं मुलीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. मग त्यानं मान वर केली. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"दादा, तुला हे कधी कळलं?"

तारवाल्याला खोटं बोलायची एक शेवटची संधी होती. काल कळलं, परवा कळलं, काहीही चाललं असतं.

"त्याच संध्याकाळी."

भावजयीच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. धाकट्यानं फक्त मान हलवली, एकदा, आणि मग परत एकदा. हॉस्पिटलातले दिवस, मालकाचं ते शांत बोलणं, आईचं 'दादानं सांगितलं नसतं का', हे सगळं तो एकेक करून पुन्हा बघत असावा. तारवाला वाट बघत होता, त्यानं ओरडावं, शिवी द्यावी, त्या उरलेल्या हातांनी मारावं. धाकट्यानं मुलीला जरा वर ओढून नीट बसवलं.

"आईकडे जा," तो म्हणाला. "मालकाकडे जा, डॉक्टरांकडे जा. तूच सांगायचंस. मी सांगितलं तर म्हणतील, याला भास होतोय."

आणि तो मुलीशी बोलू लागला.

तारवाला उठला. जिना उतरताना त्याला वरून दोघांचा आवाज ऐकू येत होता, आणि आई या वेळी घरीच असेल हे त्याला माहीत होतं.